बाळंतपणाची पूर्वतयारी
(कुटुंबांत मिळून शिकावयाचा धडा)

बाळंतपण हा आजार नव्हे हें खरें. तथापि त्यांत संकट केव्हां उभें राहील हें कोणासहि आधीं सांगतां येत नाहीं. नऊ महिने सुखरूप गेलेल्या स्त्रीलाहि शेवटच्या घटकेस अतिरक्तस्राव होऊं शकतो. म्हणून कळा सुरू होण्यापूर्वींच सर्व कांहीं ठरवून ठेवावें, हाच या धड्याचा मुख्य मुद्दा होय. सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या विदुषींनीं १९९४ सालीं मातामृत्यूंमागील तीन उशीर दाखवून दिले. त्याच क्रमानें आपण विचार करूं.

१. घरांतला उशीर. घरधनी ऊसतोडीस गेलेला असतो; सासूबाई म्हणतात, "सकाळपर्यंत वाट पाहूं;" आणि ती रात्रच घातक ठरते. यास्तव सातव्या महिन्यांतच दोन गोष्टी ठरवाव्या: कोणत्या इस्पितळांत जावयाचें, आणि धनी घरीं नसल्यास निघण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा. पुढील लक्षणें घरांतील प्रत्येकास पाठ असावीं: अंगावरून रक्त जाणें, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी, तोंडावर व हातांवर सूज, आंचके, ताप, पाणमोट फुटणें, पोटांतील मुलाची हालचाल मंदावणें. यांपैकीं एकहि दिसतांच निघावें. गर्भवती स्वतः "मला ठीक वाटत नाहीं" असें म्हणाली, तर तिचा शब्द हलका समजूं नये.

२. वाटेंतला उशीर. १०२ किंवा १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य बोलावतां येते. तरी गांवांतील एखाद्या गाडीवाल्याशींहि बोलून ठेवावें. पावसाळ्यांत ओढ्यास पूर येऊन वाट बंद होत असेल, तर दिवस भरण्यापूर्वींच इस्पितळाजवळच्या नातलगांकडे जाऊन राहावें. आदिवासी भागांतील कांहीं आरोग्य केंद्रांत याच कामासाठीं 'माहेरघर' नांवाची सोय आहे. पैशाच्या भीतीनेंहि थांबूं नये. २०११ सालीं सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वयें सरकारी इस्पितळांत प्रसूति, शस्त्रक्रिया, औषधें, तपासण्या, रक्त व भोजन हीं सर्व मोफत आहेत.

३. इस्पितळांतला उशीर. हा कमी करणेंहि कांहीं अंशीं आपल्या हातीं आहे. माता व बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तदाब व रक्तगट हीं लिहिलेलीं असतात. तें पाहतांच डॉक्टरांस पुढचें काम सुचतें. पहिलटकरीण माहेरीं जाते आणि कार्ड सासरच्या पेटींत राहतें, असें होऊं देऊं नये. माहेरच्या आशाताईस ती येत असल्याचें आधींच कळवावें. वेळ पडल्यास रक्त देण्यास दोघे निरोगी गृहस्थ तयार ठेवावे.

आठव्या महिन्यांत गांठोडें बांधून ठेवावें. त्यांत कार्ड, आधार, बँकेचें पासबुक, बाळंतिणीचे कपडे, धुऊन उन्हांत वाळविलेलीं मऊ सुती फडकीं, आणि बाळाचें झबलें, टोपडें व दुपटें असावें.

मूल जन्मल्यावर तासाभराच्या आंत त्यास अंगावर पाजावें. पहिलें पिवळसर दूध, म्हणजे चीक, टाकून देऊं नये. तें बाळाचें रोगापासून रक्षण करतें. मध, गुटी किंवा साखरपाणी चाटवूं नये. सहा महिने आईचें दूधच पुरेसें आहे. नाळेस राख, हळद किंवा तेल लावूं नये; ती कोरडी ठेवावी. "सुटका झाली, आतां घरीं चला," अशी घाईहि करूं नये. पहिल्या २४ तासांत रक्तस्रावाचें भय विशेष असतें. म्हणून निदान ४८ तास इस्पितळांत राहावें.

प्रश्न
१. आपल्या घरीं निघण्याचा निर्णय कोण घेईल?
२. मध्यरात्रीं गाडी कोणाची मिळेल?
३. कार्ड या क्षणीं कोठें आहे?
४. तांतडीनें निघण्याचीं लक्षणें कोणतीं?

ज्यास वाचतां येतें त्यानें हा धडा घरांतील सर्वांस, विशेषतः पुरुषांस, वाचून दाखवावा. ज्या प्रश्नाचें उत्तर मिळालें नाहीं, तें काम याच आठवड्यांत पुरें करावें.