उष्णता साठविणारी भिंत

लडाखमधील लेह हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. पौष-माघाच्या दिवसांत तेथील रात्रीचे तापमान शून्याखाली १५ अंशांपर्यंत, व कधी कधी त्याहूनही खाली उतरते. मात्र याच दिवसांत तेथे आकाश बहुधा निरभ्र असून दुपारचे ऊन चांगले कडक पडते. म्हणजे उष्णतेचा तोटा नाही. दिवसाची उष्णता रात्रीपर्यंत टिकत नाही, एवढीच अडचण आहे. ती भागविण्यासाठी शेणी व वाळुंज-पॉप्लरची लाकडे जाळली जातात. जे शेण चुलीत जाते ते शेतात जात नाही, हे आपल्याकडील शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. शिवाय दारे-खिडक्या बंद करून बसलेल्या घरात धुराचा त्रास प्रथम होतो तो स्त्रियांना व लहान मुलांना.

या अडचणीवर उपाय म्हणून तेथील अनेक घरांत दक्षिणेकडील भिंत विशिष्ट रीतीने बांधण्यात आली आहे. या रचनेचे पेटंट अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी १८८१ साली घेतले होते. पुढे फ्रान्समधील ओदेयो येथे फेलिक्स त्रोंब व वास्तुशिल्पी जाक मिशेल यांनी १९६७ साली तशी घरे उभारल्यापासून ती 'त्रोंब भिंत' या नावाने ओळखली जाऊ लागली.

भिंत कच्च्या विटांची, सुमारे एक फूट जाडीची असते. तिचा बाहेरील पृष्ठभाग काळा रंगवून, पुढे चार ते सहा इंच अंतर सोडून काचेचे तावदान बसवितात. ऊन काचेतून आत जाते व काळ्या पृष्ठभागावर मुरते. परंतु तापलेल्या भिंतीतून निघणारी उष्णता काचेतून सहजासहजी बाहेर पडत नाही. ती मातीतून हळूहळू आत सरकते आणि आठ-दहा तासांनी, म्हणजे घरातील माणसे निजावयाच्या सुमारास, खोलीत पोहोचते. म्हणूनच जाडीस महत्त्व आहे. भिंत पातळ असल्यास ऊब संध्याकाळीच येऊन संपते. फार जाड असल्यास ती उशिरा व थोडीच मिळते. अशी भिंत निजावयाच्या खोलीस योग्य होय. दिवसा वापरावयाच्या खोलीस दक्षिणेकडे मोठी खिडकी पुरे.

काही भिंतींना खाली व वर झरोके ठेवतात. काचेमागील तापलेली हवा वरच्या झरोक्यातून खोलीत येते व खोलीतील थंड हवा खालच्या झरोक्यातून तिची जागा घेते. रात्री मात्र हेच झरोके वैरी ठरतात. काचेजवळ गार झालेली हवा खालून आत शिरते व खोलीतील ऊबदार हवा वरून निघून जाते. म्हणून सूर्यास्तापूर्वी झडपा न चुकता लावल्या पाहिजेत, व काचेवर जाड पडदा सोडल्यास अधिक चांगले. ज्या घरी हे नित्य होणे शक्य नाही, तेथे झरोके ठेवूच नयेत.

उन्हाळ्यात भिंत तापून त्रास होईल, अशी शंका साहजिक आहे. लेह येथे डिसेंबरअखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ३२ अंश, तर जूनअखेरीस सुमारे ७९ अंश उंच असतो. योग्य लांबीची पडवी काढल्यास हिवाळ्यातील तिरपे ऊन भिंतीवर येते व उन्हाळ्यातील उभे ऊन अडते. बाकीच्या तीन भिंती व छत यांतून ऊब निसटू नये म्हणून दुहेरी भिंतीत भुसा किंवा पेंढा भरतात. हे काम वगळून केवळ काच लावण्याचा खर्च करणे व्यर्थ होय.

महाराष्ट्रात अशी काचेची भिंत बांधण्याचे कारण नाही. येथील थंडी थोड्या रात्रींची व उन्हाळा दीर्घ. परंतु पांढरीच्या मातीच्या जाड भिंती दुपारी घर थंड राखतात व पहाटे ऊब देतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. अशा भिंतींवरील माळवद काढून उघडा पत्रा घातला, की छतातून दुपारी ताप व रात्री गारठा आत येतो. पत्रा घालणे भागच असेल, तर त्याखाली फळ्यांचे किंवा तट्ट्यांचे आढे करून मध्ये हवेस वाट ठेवावी.