विघटन की नुसते तुकडे?

मेसच्या मागच्या खड्ड्यात हल्ली ओल्या कचऱ्यासोबत 'कंपोस्टेबल' छापलेल्या पिशव्याही जातात. टाकणाऱ्याला बरं वाटतं. पण त्या पिशव्यांचं खत खरंच होतं का?

आधी साधी पिशवी घेऊ. ती पॉलिथिनची. तिच्या रेणूची साखळी फक्त कार्बन-कार्बन बंधांची आणि प्रचंड लांब; खतातले जिवाणू तिला जवळजवळ हात लावत नाहीत. उन्हाने ती ठिसूळ होते आणि तिचा चुरा होतो, पण चुरा झाला तरी पॉलिथिन ते पॉलिथिनच. 'ऑक्सो-डिग्रेडेबल' पिशवीत धातूंचे क्षार घालून हाच चुरा लवकर करतात. (युरोपियन युनियनने 2021 मध्ये अशा वस्तूंवर बंदी घातली. बरं झालं!)

पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक अॅसिड, हे प्रकरण वेगळं. मक्याच्या स्टार्चपासून वगैरे बनणाऱ्या या प्लास्टिकच्या साखळीत एस्टर बंध असतात. पाणी ते बंध तोडतं, साखळी आखूड होते, मग जिवाणू तिचे तुकडे खातात आणि कार्बन डायॉक्साइड नि पाणी बाहेर पडतं. पण गोम अशी, की साधारण 55 ते 60 अंशांच्या खाली पीएलए काचेसारखं कडक असतं आणि पाण्याचं काम फार मंद चालतं. म्हणूनच प्रयोगशाळेत चाचणी 58 अंश सेल्सिअसला घेतात. युरोपच्या ईएन 13432 मानकाप्रमाणे 12 आठवड्यांनी 2 मिलिमीटरच्या चाळणीवर 10 टक्क्यांहून जास्त माल उरता कामा नये. ही परीक्षा नुसता चुरासुद्धा पास होईल! म्हणून दुसरी अट आहे: 6 महिन्यांत 90 टक्के कार्बनचा कार्बन डायॉक्साइड झाला पाहिजे. मला ही अट जास्त आवडते, कारण इथे लपवाछपवी चालत नाही.

आता आपला खड्डा. केमिस्ट्री लॅबचा थर्मामीटर मी तीन दिवस सकाळी त्यात खुपसून पाहिला. 38 च्या वर पारा गेला नाही. उथळ ढीग उष्णता धरत नाही. त्यासाठी निदान मीटरभर लांब, रुंद, उंच ढीग हवा, ओलावा हवा आणि अधूनमधून खालीवर करणारा माणूस हवा. रेक्टर सरांनी जागा दिली तर आम्ही दुसऱ्या वर्षाची पोरं फावडी घेऊन तयार आहोत. तोवर पिशवीवर आयएस/आयएसओ 17088 असं छापलेलं असलं तरी ओला कचरा खड्ड्यात ओतावा आणि पिशवी वेगळी ठेवावी.