हात जप, पण बांधून ठेवू नकोस

अगं, ऑपरेशन पार पडलं, घरी आलीस, आणि आता जो तो तुला सांगतोय, 'हात हलवू नकोस, पडून राहा.' सासूबाई मायेनंच म्हणतात, त्यांच्यावर चिडू नकोस. पण खरं सांगू का, स्तनाचं आणि काखेतल्या गाठींचं ऑपरेशन झाल्यावर हात पोटाशी धरून बसलीस, तर काही आठवड्यांतच खांदा आखडतो. मग वेणी घालायला, ब्लाउजचे हूक लावायला, फळीवरचा डबा काढायलाही दुसऱ्याची वाट बघावी लागते. फिजिओथेरपी हा उपचाराचाच भाग धर, केमोच्या तारखेइतका पक्का. मी यातून गेलेय, म्हणून हक्कानं सांगते.

पुढे रेडिएशन असेल तर आणखीच लक्ष दे. तिथे हात डोक्यावर घेऊन, न हलता पडून राहावं लागतं. खांदा उघडत नसेल तर तिथेच अडतं. रेडिएशन संपल्यावरही आतले स्नायू कित्येक महिने आवळत राहतात, त्यामुळे व्यायाम तेव्हाही सोडायचा नाही.

बघ, सुरुवात अगदी साधी असते. ड्रेनची नळी असेपर्यंत मूठ उघड-मीट कर, कोपर वाकव आणि सरळ कर, खांदे गोल फिरव, लांब श्वास घे. हात खांद्याच्या वर मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच न्यायचा. नळी निघाली की भिंतीसमोर उभी राहा आणि बोटांनी हळूहळू वर चढ. जिथे पोहोचशील तिथे पेन्सिलीनं खूण कर. आडवी पडून दोन्ही हातांत काठी धर आणि डोक्याकडे ने. दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं. ताण जाणवला तर चालेल, कळ आली तर थांब. एखाद्या दिवशी खूण खाली आली तरी रडायचं नाही गं, केमोच्या आठवड्यात असं होतंच.

काही गोष्टींनी तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते. काखेतून कोपराकडे ताठ दोरीसारखं काही लागलं, तर लगेच कॅन्सर उलटला असं मनात आणू नकोस. काखेतल्या ऑपरेशननंतर पुष्कळ बायकांना हे होतं आणि बहुतेकदा व्यायामानं सैल पडतं. तरी डॉक्टरांना एकदा दाखव. दंडाची आतली बाजू बधिर वाटते, कारण तिथली नस दुखावलेली असते. म्हणून चुलीपाशी जप, चटका बसलेला कळत नाही. आंघोळीचं पाणीही दुसऱ्या हातानं बघ.

आता सुजेचं. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी वर वाहून नेणारी वाट अरुंद होते. म्हणून त्या हाताला जखम आणि जंतुसंसर्ग होऊ द्यायचा नाही. आपल्या मावळात पावसाळा म्हणजे भातलावणी, चिखल आणि पात्यांचे ओरखडे. खरं सांगू का, यंदा लावणीला उतरूच नकोस. सावडीला बायका येतीलच, तू बांधावरून बघ. घरात भांडी घासताना, विळीवर चिरताना हातमोजा घाल. बांगड्या सैल ठेव, सुई आणि बीपीचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला. बांगडी किंवा ब्लाउजची बाही घट्ट व्हायला लागली, हात जड वाटला, तर सणसणीत तेल चोळायला कुणाला बसवू नकोस. सुजेवरची मालीश वेगळी असते, अगदी हलक्या हाताची, शिकलेल्या माणसानं करायची. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

'मग आयुष्यभर हंडा उचलायचा नाही का?' असं विचारशील. तसं नाही गं. अमेरिकेत १४१ बायकांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये छापून आला. आधीच हात सुजलेल्या बायकांनी शिकवल्याप्रमाणे हळूहळू वजन वाढवत नेलं, तरी त्यांची सूज वाढली नाही. आधी तांब्या, मग छोटी कळशी. भरलेला हंडा फिजिओथेरपिस्टनं हो म्हटल्यावर.

योगही कर, पण विचारून. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि आसनं प्रयोगशाळेत तपासायला घेतली. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं ८५० बायकांना घेऊन उपचाराच्या जोडीला योग असा अभ्यास केला. २०२२ च्या डिसेंबरात त्याचे निष्कर्ष मांडले गेले, तेव्हा योग करणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. फक्त हातावर सगळा भार येणारी आसनं इतक्यात नकोत, आणि योग करतेय म्हणून औषध बंद, हे तर कधीच नाही.

दरवेळी पुण्या-मुंबईला जायचं कसं, ही काळजी आहे ना? तळेगाव दाभाड्याला मायमर मेडिकल कॉलेज आहे, फिजिओथेरपीचं कॉलेजही आहे, तिथे चौकशी कर. कामशेत, मळवलीहून लोकल आहेच. लेडीज डब्यात बस, आणि ऑपरेशनचा हात खिडकीकडे ठेव, म्हणजे कुणाचा धक्का लागणार नाही. पुरुष फिजिओथेरपिस्टपाशी संकोच वाटत असेल तर बाई आहेत का, असं स्पष्ट विचार. लाजायचं काय त्यात?

पुढच्या तपासणीला तीन प्रश्न कागदावर लिहून ने: हात खांद्याच्या वर कधीपासून नेऊ, किती वजन कधी उचलू, आणि सूज मोजायची कशी. उत्तरं तिथेच लिहून घे, घरी सासूबाईंना वाचून दाखव. म्हणजे 'हलवू नकोस' म्हणणारं माणूसच संध्याकाळी विचारेल, 'व्यायाम झाला का गं?' एवढं सगळं सोसून आलीस, हे तर तुला नक्की जमेल.