एकाच शेअरवर भिस्त असेल तर हा हिशेब मांडून पाहा

महाराष्ट्रात शेअर बाजाराचा विषय निघाला की अमळनेरचं नाव आल्याशिवाय राहत नाही. 1945 मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली आणि तिचे जुने शेअर ज्यांनी विकले नाहीत, त्यांतली कित्येक घरं कोट्यधीश झाली. गोष्ट खरी आहे. ‘चांगला शेअर घ्या आणि विसरून जा’ हा तिच्यातून काढलेला सल्ला मात्र तपासून घ्यायला हवा. याच विप्रोचा शेअर ज्यांनी फेब्रुवारी 2000 च्या तेजीत अगदी वरच्या भावाला घेतला, त्यांना नंतरचे सगळे बोनस धरूनही तो भाव पुन्हा दिसायला 2020 उजाडावं लागलं. मधल्या काळात सेन्सेक्स 5,900 च्या आसपास होता तो 40,000 च्या घरात गेला.

वडिलांकडून आलेला एकच मोठा शेअर ज्यांच्याकडे आहे, किंवा नोकरीतल्या कंपनीचेच शेअर ज्यांच्या खात्यात साठत गेले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एका संध्याकाळी बसून होण्यासारखं काम आहे.

सुरुवात खऱ्या संख्येपासून करा. मूळ किती शेअर घेतले, बोनस कधी आणि किती आले, दर्शनी मूल्याचं विभाजन झालं का, हक्कभागासाठी आणखी पैसे भरले का, हे तारखांसह लिहून काढा. मुंबई शेअर बाजाराच्या आणि एनएसईच्या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीची ही माहिती मिळते. कंपनी विभागली गेली असेल तर लक्ष जास्त द्या. 2006 मध्ये रिलायन्सच्या प्रत्येक शेअरमागे अनिल अंबानींकडे गेलेल्या चार कंपन्यांचा एकेक शेअर मिळाला होता, 2023 मध्ये जिओ फायनान्शियलचा मिळाला. ते विसरलात तर रिलायन्सचा तुमचा हिशेब चुकलाच. कपाटात कागदी प्रमाणपत्रं असतील तर ती आधी डिमॅट करून घ्या, कारण एप्रिल 2019 पासून कागदी शेअरचं हस्तांतर बंद आहे. सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीकडे गेलेले असू शकतात. ते परत मिळतात, पण अर्ज आणि चिकाटी दोन्ही लागतात.

आता दर काढायचा. ‘25 वर्षांत 20 पट झाले’ असं कोणी सांगितलं की ऐकणारा गप्प होतो. पण याचा वार्षिक दर येतो सुमारे 12.7 टक्के. सेन्सेक्स 1999 च्या अखेरीस 5,005 होता आणि 2024 च्या अखेरीस 78,139. म्हणजे 15.6 पट, वर्षाला 11.6 टक्के, आणि यात लाभांश धरलेलाच नाही. तो धरला की साधारण सव्वा ते दीड टक्का वाढतो. ज्या शेअरची बढाई चालली होती, तो बाजाराच्या बरोबरीनेच चालला होता! पटींत बोलणं बंद करा, दरात बोला. स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात तारखा घाला. शेजारी घातलेले पैसे उणे, मिळालेले लाभांश अधिक, आणि शेवटी आजचं बाजारमूल्य अधिक. त्यावर एक्सआयआरआर हे सूत्र लावलं की दर समोर येतो.

तुलना कशाशी करायची, इथे बहुतेकांची गल्लत होते. टीव्हीवर दिसणारा निफ्टी लाभांश मोजत नाही. तुम्ही स्वतःच्या शेअरचा लाभांश मोजला असेल तर समोरही तो मोजणारा निर्देशांक हवा. त्याला टोटल रिटर्न इंडेक्स, थोडक्यात टीआरआय म्हणतात. 2018 पासून सेबीने म्युच्युअल फंडांनाही याच मापाने स्वतःची तुलना करायला लावली आहे. निफ्टी 50 किंवा निफ्टी 500 चे टीआरआय आकडे निफ्टी इंडायसेसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ज्या तारखेला जितके पैसे शेअरमध्ये घातले, त्याच तारखेला तितकेच निर्देशांकात घातले असते तर आज किती झाले असते, ते काढा. दोनतीन वेगवेगळ्या वर्षांपासून सुरुवात करूनही पाहा. हिंदुस्थान युनिलिव्हरसारखी भक्कम कंपनीसुद्धा 2000 ते 2010 हे अख्खं दशक जवळपास जागच्या जागी होती.

तुमचा शेअर जिंकला तर अभिनंदन, पण एवढ्यावर थांबू नका. जिंकलेले लोकच आपला हिशेब सांगायला पुढे येतात. 1986 मध्ये सेन्सेक्स सुरू झाला तेव्हा त्याच्या तीस कंपन्यांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स, हिंदुस्तान मोटर्स, बॉम्बे डाइंग, मुकंद होत्या. त्या काळी यांना कोणी धोकादायक म्हटलं असतं तर लोक हसले असते. निर्देशांकाने त्यांना एकेक करून बाहेर काढलं आणि नव्या कंपन्या घेतल्या. हे काम निर्देशांक न चुकता करतो, आपल्या हातून होत नाही, कारण निर्देशांकाला वडिलांची आठवण नसते. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या हेंड्रिक बेसेम्बाइंडर यांनी 1926 ते 2016 मधल्या सुमारे 26,000 अमेरिकी शेअरचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त शेअरनी आपल्या हयातीत सरकारी ट्रेझरी बिलांइतकाही परतावा दिला नाही. बाजाराने निर्माण केलेली सगळी निव्वळ संपत्ती जेमतेम चार टक्के शेअरमधून आली. निर्देशांकात हे चार टक्के असतातच. आपल्या हातातला एक त्यांत आहे की नाही, हे आधी कळत नाही.

नोकरदारांनी आणखी एक आकडा मांडायचा. राहतं घर सोडून तुमच्या एकूण बचतीत हा शेअर किती टक्के आहे? सत्यम कंपनीचा हिशेबातला घोटाळा उघड झाला, तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांना 7 जानेवारी 2009 ला एकाच दिवशी नोकरीची धास्ती आणि तीन चतुर्थांशाहून जास्त घसरलेला शेअर, दोन्ही पाहावं लागलं. पगार ज्या कंपनीचा, तिच्यात बचतही ठेवणं म्हणजे एकाच जामिनावर दोन कर्जं काढणं. माझ्या मते कोणताही एक शेअर बचतीच्या दहा टक्क्यांवर नसावा, मालकाच्या कंपनीचा तर पाच टक्केही पुष्कळ झाला.

प्रमाण जास्त आलं तर कमी करायचं, पण एकदम नव्हे. वर्षभराहून जास्त ठेवलेल्या शेअरवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्यावरच्या नफ्याला 23 जुलै 2024 पासून 12.5 टक्के कर आहे. समजा शेअरची किंमत 20 लाख आणि खरेदी 5 लाखांची. दर शंभर रुपयांच्या विक्रीत 75 रुपये नफा, म्हणजे वर्षाला साधारण 1 लाख 67 हजारांचे शेअर करमुक्त विकता येतील. 4 लाखांचे विकले तर नफा 3 लाख, करपात्र 1 लाख 75 हजार, आणि उपकरासह कर 22,750 रुपये. एखाद्या वाईट तिमाही निकालानंतर शेअर यापेक्षा जास्त पडतो, त्यामुळे कर वाचवण्यासाठी धोका सांभाळत बसू नका. काही भाग मार्चअखेरीस आणि काही एप्रिलच्या सुरुवातीला विकलात तर आठवडाभरात दोन आर्थिक वर्षांची सूट वापरता येते. वारशाने आलेल्या शेअरची खरेदी किंमत आणि मुदत मूळ मालकाची धरली जाते. 31 जानेवारी 2018 पूर्वीची खरेदी असेल तर त्या तारखेपर्यंत झालेला नफा करातून सुटतो, त्या दिवसाचा भाव तेवढा शोधून ठेवा.

आलेले पैसे निफ्टी 50 किंवा निफ्टी 500 च्या कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात थेट योजनेतून टाका. फंड निवडताना मागचा परतावा बघण्यापेक्षा खर्चाचं प्रमाण आणि तो आपल्या टीआरआयच्या किती मागे पडतो ते बघा. विक्रीच्या तारखा आजच ठरवा आणि भाव काहीही असो, त्या पाळा. कंपनीत तुमची नोंद ‘डेझिग्नेटेड पर्सन’ म्हणून असेल तर तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन 48 तास होईपर्यंत विक्रीला बंदी असते. मार्च-एप्रिलची वर सांगितलेली सोय तुम्हाला पूर्ण वापरता येणार नाही, म्हणून फेब्रुवारीच्या निकालांनंतरची तारीख धरा.