पांझरेचा विसर्ग वाढला, आधी कोणती गल्ली उठवायची?

खुर्ची ओढा, लॅपटॉप उघडा. मुंबईकडे 2020 पासून ‘आयफ्लोज’ ही पुराचा इशारा देणारी मोठी यंत्रणा आहे. आपल्याकडे एक लॅपटॉप, एक टेप आणि अख्खा मे महिना आहे. तेवढ्यात भागतं. उदाहरण धुळ्याचं घेऊ: वर अक्कलपाडा धरण, मधून पांझरा नदी, एका काठाला जुनं धुळं, दुसऱ्या काठाला देवपूर. काम संपलं की तुमच्याकडे असा तक्ता असेल, ज्यात धरणाच्या विसर्गाचा आकडा टाकला की आधी कुठल्या गल्लीत फोन लावायचा ते दिसेल.

हाताशी ठेवा: लॅपटॉप, जीपीएस असलेला फोन, मोजपट्टी, खडू, वही. आणि त्या भागात जन्म गेलेली दोन म्हातारी माणसं. ही शेवटची वस्तू सगळ्यात महत्त्वाची.

1. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. फुकट आहे, त्यामुळे कुणी पैसे मागितले तर तुम्ही चुकीच्या जागी आलात.

2. नवा प्रकल्प उघडून निर्देशांक-प्रणाली ‘यूटीएम झोन 43 एन’ निवडा. शोधताना 32643 टाका. धुळे आणि जळगाव दोन्ही याच पट्ट्यात येतात. ही पायरी विसरलात तर अंतरं मीटरऐवजी अंशांत मोजली जातील आणि नदीकाठापासून शंभर मीटर मागितल्यावर निम्मी पृथ्वी रंगेल!

3. पार्श्वभूमीला ओपनस्ट्रीटमॅप लावा. दोन क्लिकचं काम आहे, फक्त इंटरनेट चालू हवं.

4. पांझरेचं पात्र रेषेनं काढा: अक्कलपाड्यापासून सुरुवात, धुळ्याच्या खालच्या अंगापर्यंत. थर ‘जिओपॅकेज’ म्हणूनच साठवा. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव मध्येच तुटतं, आणि मराठी नावांचे तर पार चौकोन होऊ शकतात.

5. जलसंपदा विभागाकडून किंवा महापालिकेच्या नगररचना विभागाकडून पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

6. तो कागदी नकाशा स्कॅन करून ‘जिओरेफरन्सर’नं जागेवर बसवा. किमान चार खुणा लागतात, सहा घेतल्या तर बरं. मोठ्या पुलाची आणि लहान पुलाची टोकं उत्तम. झाड किंवा पानटपरी कधीच नको. खुणा एकाच कोपऱ्यात गोळा केल्या तर दुसरा कोपरा वाकडा होऊन नदी कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून वाहते.

7. आता लॅपटॉप मिटा आणि काठावर जा. म्हाताऱ्यांना एकच प्रश्न विचारा: “पाणी कुठपर्यंत आलं होतं, हात लावून दाखवा.” भिंतीवर तिथे खडूची रेघ मारा. “खूप आलं होतं” हे उत्तर चालत नाही. पायरी, उंबरा, खिडकी असं काहीतरी पाहिजे, आणि वर्षही. दोघांची सांगितलेली वर्षं जुळली नाहीत तर तिसऱ्याला गाठा. इथे घाई करू नका. चहा झाल्याशिवाय खरी रेघ सापडत नाही.

8. रस्त्यापासून त्या रेघेपर्यंतची उंची टेपनं मोजून वहीत लिहा. जागा फोनच्या जीपीएसवरून घ्या, पण उंची त्यावरून मुळीच घेऊ नका. उंचीत तो कित्येक मीटर चुकतो. फुकट मिळणाऱ्या उपग्रह-उंचीचंही तसंच. त्यातला एकेक चौकोन 30 मीटरचा, आपली गल्ली त्याहून अरुंद. माझ्या मते खडूची रेघ त्याच्यापेक्षा जास्त भरवशाची आहे.

9. घरी येऊन प्रत्येक गल्लीचा वेगळा तुकडा नकाशावर काढा. दोन गल्ल्या एका तुकड्यात कोंबल्या की खालची गल्ली वरच्या गल्लीच्या भरवशावर झोपून राहते.

10. प्रत्येक तुकड्याला माहिती जोडा: घरं किती, अंथरुणाला खिळलेले किती, जनावरं किती, फोन कुणाला लावायचा. दोन फोन नंबर घ्या, कारण एक नेहमी बंद असतो.

11. जुन्या विसर्गांची यादी करा: तारीख, किती पाणी सोडलं, कुठपर्यंत आलं. एकक नीट वाचा! 1 क्युमेक म्हणजे 35.3 क्युसेक. या दोघांत गोंधळ झाला तर सगळा तक्ता पस्तीसपट चुकेल.

12. पाणी सोडल्याची वेळ आणि पुलाशी पातळी वाढल्याची वेळ यांतला फरक काढा. नोंदी चार असतील तर सगळ्यात कमी वेळ धरा. सरासरी काढायचा मोह होईल, पण नको. सरासरीत निम्मी माणसं उशिरा निघतात.

13. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये प्रत्येक गल्लीसमोर ‘पाणी लागतं’ हा क्युसेकचा आकडा भरा. अनुभव नसलेल्या गल्लीला शेजारच्या खालच्या गल्लीचाच आकडा द्या.

14. शेजारच्या रकान्यात ‘इफ’ सूत्र लावा: आजचा विसर्ग त्या आकड्याच्या, म्हणजे मर्यादेच्या, सात दशांशापर्यंत गेला की ‘तयार’, मर्यादेला टेकला की ‘निघा’. समजा मर्यादा 20 हजार क्युसेक (आकडा निव्वळ उदाहरणाचा), तर 14 हजारालाच ‘तयार’ यायला हवं. शून्य, छोटा आकडा आणि अवाढव्य आकडा असे तिन्ही टाकून पाहा. शून्याला ‘निघा’ दिसलं तर कंस चुकलाय.

15. पावसाचा स्वतंत्र रकाना घाला. पाऊस धुळ्याचा नको, नदीच्या वरच्या अंगाचा, साक्रीकडचा हवा. धुळ्यात ऊन असतं आणि पांझरा दुथडी वाहते, हे तुम्हाला मी काय सांगणार! मालनगाव, जामखेली, लाटीपाडा ही तिकडची धरणं भरून वाहू लागली की त्याचीही नोंद करा. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी; तोच आकडा ‘तयार’साठी घ्या. विसर्ग आणि पाऊस यांत जो आधी धोका दाखवेल तो खरा. फक्त धरणावर नजर ठेवू नका. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांनी बाजारपेठ बुडवली, ती घाटावरच्या पावसानं.

16. तक्ता नकाशाला ‘जॉइन’ करून गल्ल्या पिवळ्या-लाल रंगवा. गल्लीचं नाव दोन्हीकडे अक्षर-अक्षर सारखं हवं. एक जादा स्पेस पडली तरी गल्ली पांढरीच राहते.

17. दोन्ही गोष्टी छापून घ्या. पुराच्या रात्री वीज पहिली जाते.

18. रात्रीची तालीम करा: कुणीतरी खोटा आकडा सांगायचा, तुम्ही गल्ली ओळखून फोन लावायचा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर तक्ता अजून अवघड आहे. रकाने कमी करा. निरोप अहिराणीत बोलून पाठवा, लिहिलेलं कुणी वाचत बसत नाही. घरं रिकामी करायचा हुकूम मात्र प्रशासनाचा, तुमचा नव्हे.

जळगाव जिल्ह्यात तापीकाठी असाल तर कृती हीच, फक्त धरण हतनूर. वर बऱ्हाणपूरची पातळी पाहा, केंद्रीय जल आयोगाच्या ‘फ्लडवॉच इंडिया’ ॲपवर ती मिळते. पूर्णेकडचा पाऊसही पाहा, कारण ती चांगदेवपाशी तापीला मिळते आणि मग दोघी धरणात येतात. आणि “इतके दरवाजे उघडले” या बातमीवर तक्ता चालवू नका. हतनूरला 41 दरवाजे आहेत. दरवाजा अर्धा मीटर उघडलाय की पूर्ण, यावर सगळं ठरतं. क्युसेकच विचारा.

छापलेल्या कागदाच्या माथ्यावर जाड अक्षरात जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक लिहा: 1077.