वर्षअखेरची तूट आणि गीतेतील दानविचार

गीतेच्या सतराव्या अध्यायातील 20 ते 22 हे तीन श्लोक दानाविषयीचे आहेत. त्यांचा विचार बहुधा दात्याच्या अंगाने केला जातो: अमक्याचे दान सात्त्विक, तमक्याचे राजस, आणि तिसऱ्याचे तामस. ही वाटणी शेजाऱ्याच्या देणगीस लावून पाहण्यात पुष्कळांना गोडी वाटते, हेही खरे. परंतु जो मागावयास उभा राहतो त्याचाही या श्लोकांशी तितकाच निकट संबंध आहे; आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, 31 मार्च जवळ आला म्हणजे, तो संबंध अनेक सत्संग-मंडळांच्या कार्यवाहांना चांगलाच जाणवू लागतो.

तूट का येते हे आधी पाहावे. गीताजयंतीच्या उत्सवास देणगी मिळते, अन्नदानास मिळते, मूर्तीच्या अलंकारांसही मिळते. विजेचे बिल, झाडलोट करणाऱ्या सेवकाचे वेतन, गळके छप्पर, पाठशाळेतील मुलांच्या पोथ्या यांना मात्र स्वतंत्र दाता नसतो. उत्सवासाठी म्हणून आलेला पैसा या खर्चाकडे वळविणे प्रामाणिकपणाचे नव्हे. त्यामुळे जमेची बेरीज भरघोस असूनही नित्याचा खर्च अंगावर येतो, आणि वर्ष संपता संपता सभेपुढे हात पसरण्याची वेळ येते. अशा वेळी मागणारा कोणत्या भाषेत बोलतो, यावर देणाऱ्याचे दान कोणत्या जातीचे होणार हे पुष्कळ अंशी ठरते.

सात्त्विक दानाच्या लक्षणातील पहिला शब्द ‘दातव्यम्’ हा होय. द्यावयास हवे, एवढ्याच निश्चयाने जे दिले जाते ते. दुसरा शब्द ‘अनुपकारिणे’. ज्याच्याकडून परत उपकाराची अपेक्षा नाही अशास. आचार्यांनी भाष्यात याचा अर्थ उलगडताना एक सूक्ष्म पुस्ती जोडली आहे. जो परतफेड करण्यास असमर्थ आहे तो तर अनुपकारी खराच. परंतु समर्थ असणाऱ्यासही निरपेक्षपणे दिले तर ते याच कोटीत येते. म्हणजे कसोटी घेणाऱ्याच्या दारिद्र्यावर नसून देणाऱ्याच्या अपेक्षेवर आहे.

येथे एक शंका उभी राहते आणि ती टाळण्यात अर्थ नाही. मंडळाचा सभासद स्वतःच्याच मंडळास देतो. ज्या दिव्याखाली तो बसणार, त्याच दिव्याचे तेल तो आणतो. मग हे ‘अनुपकारी’ दान कसे? उत्तर तिसऱ्या अध्यायात, यज्ञचक्राच्या विवेचनात सापडते. देवांनी दिलेले भोग त्यांना काही न देता जो एकटाच भोगतो, त्याला बाराव्या श्लोकात ‘स्तेन’ म्हणजे चोर असे रोखठोक नाव दिले आहे. वर्षभर ज्याने प्रवचन ऐकले, ज्याची मुले पाठशाळेत संथा घेऊन गेली, त्याच्या बाबतीत उपकार आधीच घडून गेला आहे. तो आता जे देईल ते पुढील लाभाच्या आशेने नव्हे. किंबहुना काटेकोरपणे बोलावयाचे तर ते दान नव्हेच, ऋणाची फेड होय. हा भेद ध्यानात आला म्हणजे तूट सांगणाऱ्याच्या स्वरातील याचना आपोआप गळून पडते, आणि ऐकणाऱ्याच्या मनातील दातृत्वाचा ताठाही उतरतो. त्या ताठ्याचे चित्र सोळाव्या अध्यायात आहेच. मी यज्ञ करीन, मी दान देईन, मी आनंद भोगीन, असे म्हणणारा तेथे आसुरी संपत्तीत गणला आहे. आकड्यांच्या उतरत्या क्रमाने नावे रंगविलेले संगमरवरी फलक लावणाऱ्या मंडळांनी तो श्लोक निदान एकदा सावकाश वाचावा.

राजस दानाच्या लक्षणात प्रत्युपकार आणि फल यांच्या जोडीला ‘परिक्लिष्टम्’ असा तिसरा शब्द आहे; ज्यात मनाला क्लेश आहे, जे खेदाने हातातून सुटते, असे दान. मागणाऱ्याची खरी कसोटी या शब्दाशी लागते. तिचे एक बोलके उदाहरण गांधीजींच्या आत्मकथेत आहे. लंडनमध्ये 1889 च्या सुमारास त्यांची गीतेशी प्रथम ओळख झाली, आणि पुढे जोहान्सबर्गला सकाळी दात घासताना भिंतीवर श्लोक चिकटवून त्यांनी तेरा अध्यायांपर्यंत पाठ केले. अपरिग्रहाचा अर्थ त्यांना कायद्याच्या अभ्यासातील ‘विश्वस्त’ या कल्पनेतून उकलला, असे ते सांगतात. म्हणून संस्थेच्या पैशासंबंधी त्यांचा अनुभव गीतेच्या अभ्यासकास परका नाही.

1894 साली दरबान येथे नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. वर्गणी दरमहा किमान 5 शिलिंग ठरली. अब्दुल्ला शेटांनी 2 पौंडांचा आकडा घातला, गांधीजींनी स्वतःच्या नावे 1 पौंड. उत्साह मोठा होता. परंतु नुसते मागून कोणी वर्गणी देईना. दरबान शहरातील सभासदांकडेही पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागत. तेव्हा मासिक वर्गणीऐवजी वर्षाची किमान 3 पौंडांची वर्गणी आगाऊ घ्यावयाची, असे ठरले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हाती पैसा असल्यावाचून त्यांनी काम हाती घेतले नाही, आणि त्यामुळे ती संस्था कर्जात पडली नाही. लोक इतर वचने पाळतात, पण कबूल केलेली रक्कम तत्परतेने देत नाहीत, हे त्यांनी आरंभीच ओळखले होते.

याच फेऱ्यांत एकदा टोंगाट या गावी ते एका सधन व्यापाऱ्याकडे उतरले. त्याच्याकडून 6 पौंडांची अपेक्षा होती. तो 3 पौंडांच्या पुढे जाईना. तेवढेच घेतले असते तर इतरांनीही तोच आकडा धरला असता आणि सारी वसुली खालावली असती. रात्र झाली होती, सर्वांना भूक लागली होती. पण रक्कम मिळाल्याशिवाय जेवावयाचे नाही, असे मंडळींनी ठरविले. गावातील इतर व्यापाऱ्यांनीही समजूत घातली. सारी रात्र बसून गेली. सहकारी मनातून संतापले होते, पण कोणी मर्यादा सोडली नाही. पहाट होताना यजमान नमला, 6 पौंड दिले, आणि सर्वांना जेवू घातले.

हे दान ‘परिक्लिष्ट’ नव्हे काय? शब्दाचा अर्थ पाहता होय असेच म्हणावे लागेल. रात्रभराच्या जागरणाने थकून दिलेली रक्कम सात्त्विक म्हणवत नाही. मागणाऱ्यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की त्यांनी अपमान केला नाही, आणि स्वतः उपाशी राहून क्लेशाचा वाटा उचलला. यजमानाने शेवटी पंक्ती मांडली, यावरून त्याच्या मनातील खेद टिकला नसावा असा तर्क होतो; पण तो तर्कच. आजच्या मंडळाने या प्रसंगातून हट्ट उचलू नये. उचलण्याजोगा आहे तो समतेचा आग्रह: ज्याची शक्ती अधिक त्याने आपला आकडा कमी करून दुबळ्यांचा धीर खचवू नये.

उलट बाजूस, सभेत नाव पुकारून, शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करून, किंवा ‘देवाचे काम अडले तर दोष लागेल’ असे भय घालून जे गोळा होते, त्यात क्लेश पेरणारा मागणाराच असतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत लज्जेने व भयानेही द्यावे असे म्हटले आहे खरे. पण तेथील लज्जा आणि भय हे देणाऱ्याच्या अंतःकरणातील विनय होत, कार्यवाहाच्या हातातील शस्त्रे नव्हेत. तूट नेमकी किती, ती कोणत्या खर्चात आली, भरली नाही तर काय बंद ठेवावे लागेल, हे स्पष्ट सांगावे आणि खाली बसावे. ज्याला या वर्षी देणे शक्य नाही त्याला मान खाली न घालता घरी जाता आले पाहिजे. बाविसाव्या श्लोकात सत्काराशिवाय, अवज्ञेने दिलेले दान तामस म्हटले आहे. अवज्ञेने घेतलेल्यास वेगळे नाव शोधण्याचे कारण नाही.

आकडे सांगावयाचे तर ते असले पाहिजेत. नाताळच्या संस्थेत लहानशा रकमेचीही पावती दिली जाई, आणि 1894 सालच्या हिशेबवह्या पुढे अनेक वर्षे जशाच्या तशा उपलब्ध होत्या.

तूट आली की सभेत कोणीतरी हमखास कायम निधीची सूचना मांडतो: एकदाच मोठी रक्कम उभारावी, व्याजावर कारभार चालावा, दरवर्षीचे मागणे संपावे. गांधीजींनीही आरंभी तेच केले. निधी सुमारे 5,000 पौंडांपर्यंत गेला, मालमत्ता घेतली, ती विश्वस्तांच्या स्वाधीन केली. पुढे त्यांचे मत पालटले. ज्यांना स्वतःची वास्तू असल्यावाचून चालत नाही अशा संस्थांची गोष्ट निराळी. परंतु चालू खर्च दरसालच्या स्वेच्छेच्या वर्गणीतूनच भागावा, कारण ज्या संस्थेला लोकांकडे जावे लागत नाही ती लोकमतालाही बांधलेली राहत नाही, या निर्णयास ते आले. धर्मसंस्थांचे विश्वस्त मालक होऊन बसतात, ही त्यांची तक्रार तेव्हाचीच. नाताळच्या त्या मालमत्तेवरून ते आफ्रिका सोडून आल्यावर आपसांत तंटे लागले, आणि त्यांनी आत्मकथा लिहिली तेव्हा तिचे भाडे न्यायालयात साचत होते.