वयाला शोभणारा वेष : जपानी पुरुषांच्या पोशाखाचा एक अभ्यास

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. 'साधी राहणी, उच्च विचारसरणी' हे वाक्यही आपण तितक्याच वेळा फळ्यावर लिहिले आहे. या दोहोंपैकी खरे कोणते मानावयाचे, असा प्रश्न माझ्यासारख्याला पडतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेसाठी शेजारच्या काकांचा कोट उसना घेऊन मी गेलो होतो. कोटाचे खांदे माझ्या खांद्यांच्या बाहेर दोन बोटे उतरलेले, आणि मी सगळी बटणे गळ्यापासून पोटापर्यंत नीट लावलेली. समोरच्या रांगेत कोणीतरी हसले. का हसले हे मला त्या दिवशी कळले नाही. कोटाचे शेवटचे बटण उघडे ठेवावयाचे असते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

पुढे आमच्या प्राध्यापकांनी आधुनिक जपानचा इतिहास शिकविताना मेजी सम्राटाच्या दोन छायाचित्रांचा उल्लेख केला. दोन्ही उचिदा कुइची या एकाच छायाचित्रकाराने काढलेली. 1872 च्या छायाचित्रात सम्राट परंपरागत दरबारी वेषात आहे. 1873 च्या छायाचित्रात केस कापलेला, युरोपीय धर्तीचा लष्करी गणवेष घातलेला तोच तरुण खुर्चीवर बसला आहे. त्या वेळी त्याचे वय वीस-एकवीस वर्षांचे, म्हणजे जवळजवळ आपल्याच वयाचा. ते ऐकताना माझ्या मनात आले की, हाही उसनाच कोट! मग तो अंगाला केव्हा बसला? आज पुरुषांच्या टिकाऊ, प्रौढ वयाला शोभणाऱ्या पोशाखाचा विषय निघाला की जाणकार लोक जपानचे नाव आदराने घेतात. उसन्या कोटापासून तेथवरचा प्रवास कसा झाला, हे समजून घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

मनाई आणि अस्तर

तोकुगावा घराण्याच्या राजवटीत (1603 ते 1868) समाजाची उतरंड ठरलेली होती. कोणी कोणते कापड वापरावे, कोणता रंग ल्यावा, याविषयी सरकारी हुकूम पुन:पुन्हा निघत. व्यापाऱ्यांकडे पैसा आला तरी त्यांनी तो अंगावर मिरवू नये, हा त्यामागील हेतू. यावर एडो शहरातील, म्हणजे आजच्या टोकियोतील, व्यापाऱ्यांनी मोठी मौजेची युक्ती काढली. वरून त्यांचा अंगरखा साधा, तपकिरी नाहीतर राखी. परंतु आतले अस्तर मात्र उंची रेशमाचे आणि सुंदर चित्रे रंगविलेले. हाओरी नावाचा वरचा झगा उतरवून ठेवताना क्षणभर ते अस्तर दिसे, आणि ज्याला पारख असेल त्यालाच ते दिसे.

रंगांवर मर्यादा आली तेव्हा त्या मर्यादेच्या आतच रंगाऱ्यांनी इतक्या छटा काढल्या की, 'अठ्ठेचाळीस तपकिरी आणि शंभर राखी' असा वाक्प्रचार जपानी भाषेत रूढ झाला. तपकिरी रंगाला जपानीत 'चा' म्हणजे चहाचा रंग म्हणतात. आपला 'चहा' आणि त्यांचा 'चा' हे दोन्ही शब्द मूळ चिनी भाषेतून आलेले आहेत. राखी रंग तो 'नेझुमी', म्हणजे उंदराचा. काबुकी रंगभूमीवरील दान्जूरो या नटघराण्याच्या नावाने एक तपकिरी छटा ओळखली जाते. दुरून पाहणाऱ्याला सगळे सारखेच दिसावे आणि जवळच्याला फरक कळावा, अशी ही कला. या संयत ऐटीला 'इकी' असा शब्द आहे. कुकी शूझो या तत्त्वचिंतकाने 1930 साली या एका शब्दावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, यावरून त्या कल्पनेचे महत्त्व ध्यानात यावे.

प्रौढ पुरुषाच्या पोशाखाची बीजे मला येथे दिसतात. जपानीत सोज्वळ वेषाला 'जिमी' आणि भडक वेषाला 'हादे' म्हणतात. वय वाढते तसा वेष जिमीकडे झुकावा, अशी समजूत आहे. पुरुषाच्या किमोनोचा कमरपट्टाही कमरेच्या वर आवळत नाहीत, तो पोटाखाली, नितंबाच्या हाडांवर बसवितात. त्यामुळे पोट सुटलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाला तो सडपातळ तरुणापेक्षा अधिक खुलून दिसतो. आणि साठावे वर्ष पूर्ण झाले, बारा-बारा वर्षांची पाच आवर्तने संपली, की त्याच म्हाताऱ्याला तांबडी बंडी आणि तांबडी टोपी घालून त्याचा सत्कार करतात. तांबडा रंग तान्ह्या बाळाचा. जन्माचे चक्र पुन्हा सुरू झाले, असा त्याचा अर्थ. आयुष्यभर राखी रंग जपणाऱ्याला एक दिवस तांबडा रंग मिळतो, ही कल्पना मला फार हृद्य वाटली.

उसना कोट

1868 नंतर नव्या सरकारला पाश्चात्त्य राष्ट्रांच्या बरोबरीने बसावयाचे होते. 1871 मध्ये शेंडीवजा केशरचना सोडण्याची आणि तलवार न बाळगण्याची मोकळीक देणारा हुकूम निघाला. 1872 मध्ये दरबारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाख ठरला. 1876 मध्ये तर तलवार लावून फिरण्यास बंदीच झाली. हा बदल वरून खाली आला. कोट हा प्रथम सरकारी अधिकाऱ्याचा, मग बँकेतल्या आणि कचेरीतल्या माणसाचा वेष झाला.

तरीही तो कितपत अंगवळणी पडला होता? 1925 साली कोन वाजिरो या संशोधकाने टोकियोच्या गिन्झा भागात रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पोशाखाची मोजदाद केली. पुरुषांपैकी शेकडा 67 पाश्चात्त्य पोशाखात आढळले. स्त्रियांपैकी शेकडा केवळ 1. म्हणजे 'आधुनिक' दिसण्याचा भार पुरुषांनी उचलला आणि परंपरा सांभाळण्याचा भार स्त्रियांवर राहिला. आपल्याकडेही विजार-सदरा आणि नऊवारी यांच्या बाबतीत हे ओळखीचे वाटेल. शिवाय तो पुरुषदेखील घरी येताच कोट उतरवून किमोनो घालीत असे. ओझू यासुजिरो याच्या चित्रपटांत कचेरीतून परतलेला बाप घरात पाऊल टाकताच कपडे बदलतो. कोट हा अजून कचेरीचा होता, त्या माणसाचा झालेला नव्हता.

नियमांचे पुस्तक

कोटाला 'आपला' करण्याचे काम दुसऱ्या महायुद्धानंतर झाले, आणि त्यात इशिझू केन्सुके (1911 ते 2005) या गृहस्थाचा वाटा मोठा आहे. जन्म ओकायामाचा. 1951 मध्ये ओसाका येथे त्यांनी कपड्यांचा व्यवसाय सुरू केला. पुढे तो 'व्हॅन' या नावाने प्रसिद्ध झाला. 1954 मध्ये निघालेल्या आणि नंतर 'मेन्स क्लब' म्हणून ओळखल्या गेलेल्या नियतकालिकाशीही त्यांचा निकट संबंध होता. त्या काळी जपानी विद्यार्थी उभ्या गळपट्टीचा काळा गणवेष घालीत. पुरुषाने कपड्यांचा विचार करणे हे बायकी समजले जाई. इशिझूंनी अमेरिकेतील जुन्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचा वेष आदर्श म्हणून पुढे ठेवला: नैसर्गिक खांद्यांचा, कमरेत न आवळलेला तीन बटणांचा कोट, बटणे लावलेल्या गळपट्टीचा सदरा, साधी सुती विजार.

परंतु नुसता माल विकून भागण्यासारखे नव्हते. घेणाऱ्याच्या बापाने कधी असा कोट घातलेला नव्हता. घरात विचारावे असे कोणी नव्हते. म्हणून इशिझू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियम छापले. कोणते बटण लावावे, विजारीची लांबी किती असावी, कोणत्या प्रसंगी काय घालावे, हे सारे त्यांनी व्याकरणाच्या पुस्तकासारखे मांडले. 'वेळ, स्थळ, प्रसंग' हे सूत्र त्यांनीच जपानमध्ये रुजविले. इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेला 'टी. पी. ओ.' हा शब्द आजही तेथे रोजच्या बोलण्यात आहे. हे वाचले तेव्हा मला माझा वक्तृत्व स्पर्धेचा कोट आठवला. मला हवे होते ते नेमके हेच पुस्तक!

या वेषाला विरोधही झाला. 1964 मध्ये गिन्झातील मियुकी रस्त्यावर असे तरुण घोळक्याने उभे राहू लागले. ऑक्टोबरात टोकियोला ऑलिंपिक भरावयाचे होते. त्यापूर्वी, सप्टेंबरात, पोलिसांनी त्यांना तेथून उचलून नेले. जो वेष अमेरिकेत सभ्य घरच्या मुलांचा, तो जपानात उनाडांचा ठरला.

पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, 'टेक आयव्ही' हे छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. छायाचित्रकार हायाशिदा तेरुयोशी आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतील विद्यापीठांत गेले. तेथे पाहतात तो काय, विद्यार्थी आखूड चड्ड्या, विरलेले सदरे आणि चपला घालून वर्गात चाललेले! जपानात जे नियम पाठ केले जात होते ते मूळ ठिकाणी कोणी इतक्या काटेकोरपणे पाळीतच नव्हते. गंमत अशी की, अमेरिकनांना पुढे आपल्याच जुन्या वेषाची आठवण या जपानी पुस्तकाने करून दिली. 2010 मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. परकी भाषा शिकणारा विद्यार्थी कधी कधी त्या भाषेचे व्याकरण मूळ भाषकापेक्षा चांगले जाणतो, तसेच हे झाले.

1964 मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण आज ऐंशीच्या पुढे आहे. विशीत घेतलेल्या त्या कोटाचे माप बदलले तरी बेत बदलावा लागत नाही; कारण तो कमरेत आवळलेला नाही, खांद्यात फुगविलेला नाही. तरुणांचा म्हणून आलेला वेष म्हातारपणाचाही होऊ शकतो, तो असा.

जुने होत जाणारे कापड

नियम शिकल्यानंतरची पायरी म्हणजे कापडाला वय येऊ देणे. किमोनो सुमारे हातभर रुंदीच्या अरुंद कापडाच्या सरळ पट्ट्यांचा असतो. तो मोठ्या धुलाईसाठी उसवीत, पट्ट्या धुऊन ताणून वाळवीत आणि पुन्हा शिवीत. विटलेली बाजू आत घेता येई. शेवटी त्याचे मुलाचे कपडे होत, त्याहून उरले तर पुसणे होई. ईशान्य जपानच्या थंड मुलुखात गरीब शेतकरी ठिगळांवर ठिगळे धावदोऱ्याने शिवून पिढ्यान् पिढ्या एकच वस्त्र वापरीत. त्या ठिगळांच्या वस्त्राला 'बोरो' म्हणतात, आणि आज ती संग्रहालयांत आहेत. आमच्या घरी वडिलांच्या जुन्या धोतराची गोधडी होते. ती संग्रहालयात जाईल असे आईला कधी वाटले नसेल.

हीच दृष्टी निळ्या जीनच्या कापडात उतरली. जपानच्या सूत उद्योगाला एके काळी हिंदुस्थानी कापूस लागे. 1893 मध्ये निप्पॉन युसेन या कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने कोबे ते मुंबई जहाजफेऱ्या सुरू केल्या त्या त्यासाठीच. 1924 मध्ये तोयोदा साकिची यांचा स्वयंचलित माग पूर्ण झाला. 1929 मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. ओकायामातील कोजिमा हे गाव शाळेचे गणवेष शिवण्यासाठी प्रसिद्ध होते. तेथे 1965 मध्ये अमेरिकन कापडाच्या जीन विजारी शिवल्या जाऊ लागल्या, आणि 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कुराबो गिरणीने जपानातच ते कापड विणले. पुढे काही कारागिरांनी मुद्दाम जुन्या, संथ धोट्याच्या मागांवर अरुंद, पक्क्या काठाचे कापड काढण्यास आरंभ केला. या सुताला निळीचा रंग वरवरच लागतो, गाभा पांढरा राहतो. त्यामुळे गुडघा जेथे वाकतो, खिशात जेथे हात जातो, तेथे रंग उडून पांढरे उमटते. ज्याची त्याची विजार ज्याच्या त्याच्या सवयीप्रमाणे विटते. तेथे जुनेपणा हा दोष राहत नाही, ती त्या माणसाची सही होते.

यामामोतो योजी (जन्म 1943) यांनी हा विचार कोटापर्यंत नेला. वडील युद्धात गेलेले. आईने शिवणकाम करून वाढविलेले. कायद्याची पदवी घेऊनही ते आईच्या धंद्यात उतरले. 1981 मध्ये पॅरिसला त्यांचे काळे, ढगळ कपडे पाहून अनेक समीक्षकांनी नाके मुरडली. विम वेंडर्स यांनी 1989 मध्ये त्यांच्यावर काढलेल्या चित्रपटात ते जर्मन छायाचित्रकार ऑगुस्ट झांडर यांचे पुस्तक चाळताना दिसतात. त्यात आहेत साधी कामकरी माणसे, ज्यांचा वेष पाहून त्यांचा धंदा ओळखता येतो. जगप्रसिद्ध शिंप्याला शिकावेसे वाटले ते अशा माणसांकडून, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दुसरी बाजू

केवळ गुणगान करणे हा अभ्यास नव्हे. नियमाची सवय झाली की त्याचा गणवेष व्हावयास वेळ लागत नाही. 1940 मध्ये युद्धकालीन सरकारने पुरुषांसाठी 'राष्ट्रीय वेष' ठरविला होता. आजही नोकरीच्या मुलाखतींच्या दिवसांत जपानी तरुण एकसारख्या काळ्या कोटांत दिसतात. उन्हाळ्यात कोट नकोसा होतो हे मान्य करावयास सरकारी प्रयत्न लागले: 1979 च्या तेलटंचाईत पंतप्रधान ओहिरा यांनी अर्ध्या बाह्यांचा कोट घालून दाखविला, तो कोणी उचलला नाही, 2005 च्या 'कूल बिझ' मोहिमेने मात्र कचेरीतील गळपट्टे उतरविले. व्यवसायातही सारे आलबेल नव्हते. इशिझूंची कंपनी अवाढव्य वाढून 1978 मध्ये दिवाळखोरीत गेली. आणि ज्या बोरोचा जन्म दारिद्र्यात झाला त्याच्या धर्तीवर शिवलेले कपडे आज अशा किमतीला विकले जातात की, ती ठिगळे लावणाऱ्या शेतकरणीने त्या ऐकून कपाळावर हात मारला असता.

समारोप

एवढे सगळे वाचल्यावर मला जे वाटले ते असे. कालातीत वेष म्हणजे कधीच न बदललेला वेष नव्हे. जपानी पुरुषाने तर दीडशे वर्षांपूर्वी डोक्यापासून पायापर्यंत सगळेच बदलले. उसना कोट अंगाला बसण्यासाठी तीन गोष्टी लागल्या. आधी नियम न लाजता शिकणे, मग ते इतके मुरविणे की आठवावे लागू नयेत, आणि शेवटी कापडाला आपल्याबरोबर म्हातारे होऊ देणे. पहिली पायरी माझ्या वयाची आहे, तिसरी प्रौढांची.

आमच्या वडिलांकडे दोन पांढरे सदरे आहेत. एक अंगावर, एक दोरीवर. गळपट्टी विरली की आई ती उसवून उलटी शिवते. सदरा धुतला की नीळ घातलेल्या पाण्यातून काढते. वडिलांना मी इकीविषयी सांगू लागलो तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या कोटाचं शेवटचं बटण लावायचं का नाही?" मी म्हणालो, "नाही लावायचं, बाबा." ते म्हणाले, "मग आता पुढच्या खेपेला लावू नकोस."

माझ्या अभ्यासाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले, असे मला वाटते.

— द्वितीय वर्ष, कला